तपासनाक्याचं गणित

३ जून २०१७ रोजी वेल्सची राजधानी कार्डिफ इथे चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला. रेआल माद्रिद विरुद्ध युव्हेंटस. त्यासाठी शहरात सुमारे १ लाख ७० हजार लोक आले होते. साउथ वेल्स पोलिसांनी त्या निमित्ताने चेहरे ओळखणारी यंत्रणा लावली. कॅमेऱ्यासमोरून जाणारा प्रत्येक चेहरा पोलिसांच्या यादीतल्या छायाचित्रांशी ताडून बघायचा, आणि जुळला असं वाटलं की इशारा द्यायचा, हे तिचं काम. यंत्रणेने २,४७० इशारे दिले. पुढच्या वर्षी आकडे बाहेर आले तेव्हा कळलं की त्यातले २,२९७ इशारे चुकीच्या माणसांवर होते. बरोबर निघाले १७३.

शंभर इशाऱ्यांमागे त्र्याण्णव खोटे, असं वाचल्यावर कुणीही म्हणेल की यंत्र अगदीच टाकाऊ असणार. पण हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून बघा. आलेले सगळे लोक कॅमेऱ्यासमोरून गेले असं धरलं, तर २,२९७ चुका १ लाख ७० हजारांत झाल्या. म्हणजे साधारण ७४ माणसांमागे एक. ज्यांना अडवायला नको होतं अशा शंभर माणसांपैकी अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणांना यंत्राने बिनतक्रार जाऊ दिलं. आता तेच यंत्र चांगलं वाटू लागतं. दोन्ही आकडे एकाच प्रसंगाचे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. त्यांच्यातलं अंतर नीट समजून घेतल्याशिवाय कुठलीही तपासणी आखता येत नाही आणि ती चांगली की वाईट हेही ठरवता येत नाही. विमानतळ असो, रेल्वे स्टेशन असो की सीमेवरचा नाका असो.

हे अंतर निर्माण होतं ते एका गोष्टीमुळे: आपण ज्याला शोधतोय तो मुळात किती दुर्मीळ आहे. समजा, दर १० लाख प्रवाशांत एकजण घातपाताचं सामान घेऊन निघालेला आहे. (हा आकडा मी हिशेबापुरता धरतो आहे.) आपलं यंत्र उत्तम आहे: असा माणूस आला तर शंभरात ९९ वेळा ते वाजतं, आणि निरपराध माणसावर शंभरात एकदाच वाजतं. आता १० लाख माणसं यंत्रातून सोडा. तो एकजण बहुतेक सापडेल. पण उरलेल्या ९ लाख ९९ हजार ९९९ लोकांपैकी सुमारे १० हजारांवरही यंत्र वाजेल. यंत्र वाजल्यावर समोर उभा असलेला माणूस खरोखर गुन्हेगार असण्याची शक्यता किती? दहा हजारांत एक. ९९ टक्के नव्हे.

या हिशेबाचा पाया घातला तो टॉमस बेझ या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाने. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, रिचर्ड प्राइस या मित्राने रॉयल सोसायटीकडे देऊन छापून आणला. त्याचं सूत्र शब्दांत असं सांगता येतं: पुरावा हाती येण्याआधी संशयाला जितका आधार होता, त्याला पुराव्याच्या बळाने गुणा, म्हणजे पुराव्यानंतरचा संशय मिळतो. पुराव्याचं बळ म्हणजे अपराध्यावर गजर वाजण्याचं प्रमाण भागिले निरपराध्यावर गजर वाजण्याचं प्रमाण. आपल्या उदाहरणात ९९ भागिले १, म्हणजे ९९. दहा लाखांत एक या संशयाला ९९ने गुणलं की दहा हजारांत एक होतो. संशय शंभर पटींनी वाढला, ही मोठीच कामगिरी आहे. पण इतका वाढूनही तो नगण्यच राहिला.

हे भागाकाराचं माप मुंबईकरांनी एकदा आपल्या स्टेशनांवरच्या मेटल डिटेक्टरच्या चौकटींना लावून पाहावं. सकाळच्या गर्दीत त्या चौकटीतून जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे मोबाइल असतो, किल्ल्या असतात, स्टीलचा डबा असतो. चौकट सगळ्यांवरच वाजते. जी चौकट अपराध्यावर आणि निरपराध्यावर सारखीच वाजते, तिच्या पुराव्याचं बळ १ असतं. कुठल्याही संशयाला १ने गुणलं तर तो होता तेवढाच राहतो. म्हणजे त्या आवाजातून माहिती शून्य मिळते, यंत्र कितीही महाग असलं तरी. ज्या शहराने ११ जुलै २००६चे लोकलमधले स्फोट आणि २६ नोव्हेंबर २००८ची सीएसटीवरची रात्र पाहिली आहे, त्या शहरात हे बोलणं मला सोपं जात नाही. पण चौकट उभी आहे म्हणून सुरक्षितता आहे असं मानणं जास्त धोक्याचं आहे.

मग एका यंत्राने भागत नसेल तर काय करायचं? एकामागून एक गाळण्या लावायच्या. पहिल्या यंत्राने थांबवलेल्या दहा हजारांना दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीच्या यंत्राकडे पाठवलं, आणि तेही तितकंच चांगलं असलं, तर शंभरेक जण उरतील. तिसऱ्या तपासणीनंतर साधारण दोनच माणसं उरतील आणि त्यातला प्रत्येक जण खरा असण्याची शक्यता जवळपास निम्मी असेल. दहा लाखांत एक इथून दोनांत एक इथपर्यंत आपण तीन पायऱ्यांत पोचलो. मोठ्या विमानतळांवर चेक-इन केलेल्या बॅगांची तपासणी याच पद्धतीने होते. पट्ट्यावरून सरकणारी प्रत्येक बॅग आधी स्वयंचलित यंत्र बघतं. त्याला शंका आलेल्या बॅगांची प्रतिमा पडद्यावर माणूस बघतो. त्यालाही शंका राहिली तर अधिक बारकाईने बघणारं यंत्र, आणि सगळ्यात शेवटी, फार थोड्या बॅगा उघडून हाताने तपासायच्या. स्वस्त आणि झटपट चाळणी आधी, महाग आणि वेळखाऊ चाळणी शेवटी.

यात एक किंमत मोजावी लागते आणि ती सहसा सांगितली जात नाही. गाळण्या अशा मालिकेत लावल्या की खऱ्या अपराध्याला सुटायच्या जागाही तीन होतात. तिन्ही ठिकाणी तो सापडण्याची शक्यता ०.९९ गुणिले ०.९९ गुणिले ०.९९, म्हणजे ९७ टक्के. उलट प्रत्येकाला तिन्ही यंत्रांतून नेलं आणि कुठलंही एक वाजलं तरी अडवलं, तर अपराधी सुटण्याची शक्यता दहा लाखांत एक इतकी खाली जाते; पण आता शंभरातल्या तीन निरपराध माणसांना बाजूला घ्यावं लागतं. मुंबई विमानतळावरून वर्षाला पाच कोटींहून अधिक प्रवासी ये-जा करतात. त्यातले निम्मे निघणारे धरले तर दिवसाला सत्तर हजारांच्या आसपास. त्यांच्यातले एक टक्का म्हणजे रोज सातशे झडत्या, तीन टक्के म्हणजे एकवीसशे. प्रत्येक झडतीला जवान लागतो, जागा लागते, वेळ लागतो, आणि मागची रांग वाढते. रांग वाढणं ही निव्वळ गैरसोय नाही. २२ मार्च २०१६ला ब्रसेल्सच्या विमानतळावर स्फोट झाले ते तपासणीच्या अलीकडे, प्रस्थान कक्षात, जिथे लोक सामान घेऊन उभे होते. खोट्या गजरांनी रांग लांबवली, तर तपासनाका स्वतःच एक नवं लक्ष्य तयार करतो.

वरचे सगळे गुणाकार एका गृहीतावर उभे आहेत: गाळण्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. हे गृहीत मोडलं की आकड्यांचा डोलारा कोसळतो. २२ डिसेंबर २००१ला पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात रिचर्ड रीड बुटात स्फोटक घेऊन चढला. २५ डिसेंबर २००९ला ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात उमर फारूक अब्दुलमुतल्लब अंतर्वस्त्रात स्फोटक शिवून बसला. दोघांकडे पीईटीएन या जातीचं स्फोटक होतं, आणि ते धातू नव्हे. धातू शोधणाऱ्या चौकटीतून असा माणूस दहा वेळा नेला तरी दहाही वेळा चौकट गप्पच राहील. कारण पहिल्यांदा ती ज्या कारणाने आंधळी होती, त्याच कारणाने दहाव्यांदाही आंधळी असते. अशा वेळी ‘आमच्याकडे पाच स्तरांची सुरक्षा आहे’ या वाक्याला अर्थ नसतो. पाच स्तरांचे आंधळे कोपरे वेगवेगळे आहेत का, एवढाच प्रश्न विचारायचा. या दोन्ही विमानांत अखेरचा स्तर ठरले ते सहप्रवासी आणि विमान कर्मचारी. त्यांनीच झडप घालून पुढचं टाळलं.

पडद्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्या यंत्रणेचा भार शेवटी त्याच्या डोळ्यांवर येतो. एक्स-रे मशीनच्या पडद्यावर नारिंगी, हिरव्या, निळ्या आकृत्या सरकत असतात आणि त्याला दर काही सेकंदांनी ‘जाऊ दे’ किंवा ‘थांबव’ ठरवायचं असतं. त्याच्या मनात एक उंबरठा असतो. शंका त्या उंबरठ्यावर गेली की तो बॅग थांबवतो. उंबरठा खाली आणला तर खोटे इशारे वाढतात, वर नेला तर खरी वस्तू हुकते. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर यंत्र किंवा प्रशिक्षण सुधारावं लागतं. नुसती सक्ती करून, दटावून ते होत नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसत्या गोंगाटाचा, हे ठरवणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता, आणि या दोन चुकांमधला व्यवहार दाखवणारा आलेख त्या रडारच्या अभ्यासातूनच पुढे आला.

हा उंबरठा स्थिर नसतो. जेरेमी वुल्फ, टॉड होरोविट्झ आणि नाओमी केनर या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना पडद्यावरच्या गर्दीत ठराविक वस्तू शोधायला सांगितली. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती तेव्हा लोकांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा हुकली. वस्तू शंभरातल्या एकाच चित्रात ठेवली, तेव्हा हुकण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. डोळे तेच, वस्तू तीच. ती क्वचित दिसते एवढाच फरक. खऱ्या विमानतळावर ती लाखांत एकदाही दिसत नाही. तिथे तासन्‌तास बसलेल्या माणसाच्या मेंदूने ‘नाही’ म्हणायची सवय लावून घेणं हा आळस नव्हे. मूळ प्रमाणाशी जुळवून घेणाऱ्या मनाचा तो स्वभावच आहे. म्हणून आता पडद्यावर अधूनमधून बनावट पिस्तुलांच्या, बनावट बॉम्बच्या प्रतिमा खऱ्या बॅगांमध्ये मिसळल्या जातात. तपासनीसाने बटण दाबलं की ती प्रतिमा नाहीशी होते आणि त्याला कळवलं जातं. दुर्मीळ गोष्ट कृत्रिमरीत्या थोडी वारंवार करायची, म्हणजे डोळा जागा राहतो. शिवाय कोण किती वेळा पकडतो याची मोजदादही आपोआप होते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत माणुसकीची युक्ती वाटते. ती तपासनिसाला दोष देत नाही, त्याचं काम माणसाला जमेल असं करते.

इथवर आपण अपराध्याला एखाद्या आजारासारखं धरलं: तो समाजात काही प्रमाणात पसरलेला आहे आणि आपण चाचणी करतोय. पण आजार चाचणी बघून आपलं रूप बदलत नाही. घातपाती बदलतो. इथून गणित वेगळं वळण घेतं.

अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस विमान प्रवाशांसाठी संगणकाने संशयित निवडायची पद्धत सुरू झाली. तिकीट कसं काढलं, कधी काढलं वगैरे बाबींवरून संगणक काही प्रवाशांवर खूण करायचा. ११ सप्टेंबर २००१च्या १९ अपहरणकर्त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांवर या पद्धतीने त्या सकाळी खरोखर खूण केली होती. पोर्टलंडला विमानात बसलेला मोहम्मद अत्ता त्यांतलाच. म्हणजे ओळखण्याचं काम बऱ्यापैकी झालं होतं! पण त्या काळच्या नियमाने खूण झाली तर फक्त चेक-इन केलेल्या सामानाकडे जास्त लक्ष द्यायचं होतं. माणसाची आणि हातातल्या पिशवीची जादा झडती घ्यायची नव्हती. सामानात बॉम्ब ठेवून स्वतः विमानात न चढणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवून तो नियम केलेला होता. १९८५मध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ अगदी याच रीतीने उडवण्यात आलं होतं आणि ३२९ माणसं गेली होती, त्यामुळे ती काळजी चुकीची नव्हती. पण अत्ता आणि त्याचे साथीदार स्वतः विमानात बसायलाच आले होते. गजर वाजला, आणि त्या गजराला जोडलेली कृती दुसऱ्याच धोक्यासाठी होती.

त्यानंतर वर्षभरात, २००२ साली, एमआयटीतल्या समिध चक्रबर्ती आणि ॲरन स्ट्राउस या दोन विद्यार्थ्यांनी एक निबंध लिहिला. संगणकाने संशयित निवडणं हे चिठ्ठी टाकून निवडण्यापेक्षाही कमकुवत ठरू शकतं, असं त्यांनी दाखवलं. युक्तिवाद माझ्या आकड्यांत असा. शंभर प्रवाशांपैकी दहाच जणांची कसून झडती घेण्याइतकं मनुष्यबळ आहे. एका पद्धतीत आठ जण संगणक निवडतो आणि उरलेल्या ९२ मधून दोघे चिठ्ठीने निवडले जातात. दुसऱ्या पद्धतीत दहाही जण चिठ्ठीने. घातपात्यांची टोळी आपली माणसं आधी रिकाम्या हाताने, निरागस प्रवासाला पाठवते. ज्याची झडती होते त्याला बाजूला ठेवते. ज्याची झडती झाली नाही, त्याला संगणक ओळखत नाही हे टोळीला पक्कं कळतं. प्रत्यक्ष कामगिरीच्या दिवशी त्याच माणसाला पाठवलं की त्याला सापडण्याची भीती उरते ती फक्त ९२ मध्ये दोन, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. चिठ्ठीच्या पद्धतीत रंगीत तालमीतून काहीच शिकता येत नाही. शंभर वेळा सुटलेल्या माणसालाही एकशेएकाव्या वेळी सापडण्याची शक्यता दहा टक्केच असते. जास्त हुशार वाटणारी पद्धत पाचपट दुबळी निघाली.

मेक्सिकोच्या विमानतळांवर कस्टमसाठी बरीच वर्षं अशीच व्यवस्था होती. प्रवाशाने बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर पुढे जायचं, लाल लागला तर सामान उघडायचं. कुणाचा चेहरा, कपडे, आडनाव यांचा काही संबंध नाही. तस्करीसाठी चिठ्ठी फार परिणामकारक असते, कारण तस्कराला एका खेपेवर भागत नाही. दहा टक्के झडती असेल तर सात खेपांत एकदा तरी सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते, वीस खेपांत ८८ टक्के. घातपात्याला मात्र एकच खेप पुरते. म्हणून सोनं पकडायला आखलेली व्यवस्था बॉम्ब पकडायला तशीच्या तशी वापरता येत नाही, मग दोन्हींची टेबलं शेजारी शेजारी का असेनात.

मग संशयाचा काहीच उपयोग नाही का? तोही आहे, पण मापात. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या विल्यम प्रेस यांनी २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात याचं अतिशय सुंदर उत्तर दिलं. समजा १० हजार लोकांत एक अपराधी दडलाय. शंभर जणांचा एक गट जास्त संशयास्पद आहे. अपराधी त्या शंभरांत असण्याची शक्यता निम्मी, उरलेल्या ९,९०० मध्ये असण्याची निम्मी. म्हणजे गटातल्या प्रत्येकावरचा संशय बाहेरच्याच्या ९९ पट. दर वेळी एकाला निवडून तपासायचं आहे आणि आधी कुणाला तपासलं याची नोंद नाक्यावर नसते. पूर्ण चिठ्ठीने निवडलं तर अपराधी हाती लागेपर्यंत सरासरी १० हजार तपासण्या लागतात. संशयाच्या प्रमाणात, म्हणजे गटातल्या माणसाला ९९ पट जास्त वेळा तपासलं तर? तरीही सरासरी बरोबर १० हजारच! एवढा भेदभाव करून काडीचाही फायदा नाही. कारण त्या शंभरांतले नव्याण्णव किंवा शंभरही जण निरपराध आहेत, आणि नाक्यावर निम्मा वेळ त्याच त्याच निरपराध माणसांना पुन्हा पुन्हा थांबवण्यात जातो. सर्वांत कमी तपासण्या लागतात त्या संशयाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात निवडलं तर. संशय ९९ पट असेल तर तपासणी दहा पट. तेव्हा सरासरी सहा हजारांवर येते.

हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. विशिष्ट नावाच्या, विशिष्ट पेहरावाच्या माणसाला प्रत्येक नाक्यावर बाजूला काढणं अन्यायाचं आहे हे आपण नीतीच्या भाषेत म्हणतोच. सुरक्षेसाठी तेवढा अन्याय सोसावा लागतो, असं उत्तर त्यावर मिळतं. वर्गमूळाचं गणित हे उत्तर खोडून काढतं. इथे प्रेस यांनी संशयाचे आकडे अचूक ठाऊक आहेत असं धरलेलं आहे. प्रत्यक्षात ते आकडे बऱ्याचदा पूर्वग्रहातून आलेले असतात, आणि पूर्वग्रहाने आलेल्या ९९ पटीचं वर्गमूळ काढूनही दहा पट चूक उरतेच.

निवड कुणाची करायची यासारखाच प्रश्न पहारा कुठे ठेवायचा याचा. २००७ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर रस्त्यांवरचे तपासनाके आणि श्वानपथकं कधी, कुठे ठेवायची हे ठरवणारी ‘आर्मर’ नावाची संगणक प्रणाली सुरू झाली. ती बनवली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मिलिंद तांबे यांच्या चमूने. पिलानीच्या बिट्समधून शिकून अमेरिकेत गेलेले हे संशोधक. प्रणालीचा आधार होता हाइनरिख फॉन स्टॅकलबर्ग या जर्मन अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा खेळ: एकजण आधी आपली चाल ठरवतो, दुसरा ती बघून आपली ठरवतो. पोलीस पहिले, हल्लेखोर दुसरा.

दोन फाटकांवर हे करून बघू. मोठ्या फाटकावर हल्ला झाला तर नुकसान ४, छोट्यावर १. पथक एकच, आणि ते जिथे आहे तिथला हल्ला फसतो. पथक कायम मोठ्या फाटकावर ठेवलं तर हल्लेखोर छोट्यावर जातो आणि १ नुकसान करतो. पाचांतले चार दिवस मोठ्यावर आणि दर शुक्रवारी छोट्यावर ठेवलं, तर तो काही आठवडे बघतो आणि शुक्रवारी मोठ्या फाटकावर येतो: नुकसान ४. आता तीच चार-एकाची वाटणी ठेवा, पण दर सकाळी चिठ्ठीने ठरवा. मोठ्या फाटकावर गेला तर सरासरी नुकसान ४ चा पाचवा हिस्सा, ०.८. छोट्यावर गेला तर १ चे चार पंचमांश, तेही ०.८. कुठेही गेला तरी सारखंच, आणि आधीच्या दोन्ही योजनांपेक्षा कमी. मनुष्यबळ एका माणसानेही वाढलं नाही, वाढली ती फक्त अनिश्चितता. ही चिठ्ठी संगणकाने काढण्याचं कारण असं की माणसाला खरी चिठ्ठी काढता येत नाही. काल इथे होतो म्हणून आज तिथे, अशी अदलाबदल तो नकळत करतो आणि पाळत ठेवणाऱ्याला तीच पुरते. पुढे याच घराण्यातल्या प्रणाली अमेरिकेत विमानांतल्या सशस्त्र मार्शलांच्या नेमणुकीसाठी आणि तटरक्षक दलाच्या बंदर गस्तीसाठी वापरात आल्या. यात लपवायला लागतं ते फार थोडं. नियम उघड असला तरी चालतो. आजची चिठ्ठी तेवढी कुणाला कळता कामा नये.

राहिला प्रश्न मूल्यमापनाचा. ‘इतक्या वर्षांत इथे काही घडलं नाही’ हा पुरावा म्हणून सगळीकडे दिला जातो. जी घटना यंत्रणेशिवायही दशकांत एखाद्याच वेळी घडली असती, ती पाच वर्षांत घडली नाही यावरून यंत्रणेबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. मुद्दाम हल्लेखोर बनून जाऊन बघावं लागतं. २०१५ साली अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या महानिरीक्षकांच्या पथकांनी विमानतळांवर बनावट शस्त्रं आणि स्फोटकं नेण्याचे ७० प्रयत्न केले. ६७ वेळा ती आत गेली. बातमी फुटली आणि विमानतळ सुरक्षा संस्थेच्या प्रभारी प्रमुखांना त्या जागेवरून हलवलं गेलं. ७० हा आकडा लहान वाटतो, पण इतक्या एकतर्फी निकालातून पुष्कळ कळतं: योगायोगाला भरपूर जागा सोडली तरी पकडण्याचं खरं प्रमाण १२ टक्क्यांच्या वर असणं अवघड होतं. अर्थात परीक्षा घेणाऱ्यांना यंत्रणेचे कच्चे दुवे माहीत होते. वाटेल त्या नवख्या माणसाला तितकं यश मिळालं असतं असं यावरून ठरत नाही.

उलट दिशेचा गैरसमज जास्त घातक आहे. एखाद्या नाक्यावर ३० गुप्त चाचण्या घेतल्या आणि तिसांच्या तीसही पकडल्या. शंभर टक्के यश म्हणून पाठ थोपटायची का? समजा, नाक्यावर खरं तर दहातली एक वस्तू सुटते आहे. तरीही ३० चाचण्या निर्दोष पार पडण्याची शक्यता ०.९चा तिसावा घात, म्हणजे चार टक्के आहे. त्यामुळे त्या तीस चाचण्यांवरून ‘दहात एकापेक्षा कमी सुटतं’ एवढंच जरा भरवशाने म्हणता येतं. संख्याशास्त्रात यासाठी सोपा नियम आहे: एकही चूक झाली नसेल, तर चुकीच्या प्रमाणाची वरची मर्यादा ३ भागिले चाचण्यांची संख्या. शंभरात एकापेक्षा कमी सुटतं असा दावा करायचा तर ३०० चाचण्या हव्यात आणि त्यात एकही चूक नको. हजारात एकासाठी ३,०००.

आपल्याकडे डिसेंबर १९९९च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे येऊ लागली. फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. रेल्वे स्टेशनांचा प्रश्न त्याहून कितीतरी मोठा आहे, कारण मुंबईच्या लोकलने रोज साठ-सत्तर लाखांच्या घरात माणसं जातात आणि प्रत्येकाला थांबवणं अशक्य आहे. तिथे सगळ्यांवर वाजणाऱ्या चौकटीपेक्षा चिठ्ठीने ठरलेली मोजकी, पण खरोखर पिशवी उघडून पाहणारी तपासणी जास्त काम करेल. दादरच्या कुठल्या पुलावर, किती वाजता, शंभरातल्या कितव्या माणसाला, हे रोज सकाळी नव्याने ठरावं. आणि तिची गुप्त परीक्षा घ्यायची तर ती अकरा वाजता, साहेबांची फेरी ठरलेली असताना घेऊन उपयोग नाही. पहाटेच्या पहिल्या लोकलला, पाळी बदलण्याच्या दहा मिनिटांत आणि गणपतीच्या शेवटच्या दिवशी रात्री दीड वाजताही घ्यायला हवी, आणि त्या तीनशे चाचण्या या सगळ्या वेळांवर चिठ्ठी टाकूनच वाटलेल्या असायला हव्यात.